काहीच न घेणाऱ्या बाई

दुपारचे चार वाजले की त्या लांबलचक बाजाररस्त्यावरचे दुकानदार धास्तीने दाराकडे बघू लागायचे. ही वेळ बघूबाईंची. उन्हं जरा कलली की त्या हातात रिकामी कापडी पिशवी घेऊन घरातून निघायच्या आणि सात वाजता तीच पिशवी, तितकीच रिकामी, घेऊन परतायच्या. मधल्या तीन तासांत त्यांनी कुठे बारा चादरी उलगडायला लावलेल्या असत, कुठे चपलांचे नऊ जोड पायात घालून दुकानभर फेऱ्या मारलेल्या असत, कुठे पातेल्यांवर झाकणं आपटून कुठल्याचा आवाज भरीव येतो ते तपासलेलं असे. शेवटी दुकानदार घाम पुसत, थोड्याशा आशेने विचारायचा, "मग, बांधून देऊ?"

बाई म्हणायच्या, "बघू."

या एका शब्दावरून त्यांचं नाव पडलं. खरं नाव नवऱ्याला आणि मतदारयादीला ठाऊक असावं. कपबशीवाला त्यांना लांबून बघून गल्ल्याखाली लपायचा. एकदा घाईत लपताना त्याने डोकं आपटून घेतलं आणि वर त्या दिवशी बाई त्याच्या दुकानात शिरल्याच नाहीत. बटणं-लेस विकणारा बरोबर चार वाजता 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावायचा. तो जेवायचा दीड वाजता, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

बाई मुळात अशा नव्हत्या. लग्नाला तीन महिने झाले असताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीने पडदे घेतले. दुकानात ते छान शेवाळी हिरवे दिसत होते. घरी खिडकीला लावले आणि आजारी माणसाच्या जिभेसारखे पिवळट झाले. दुकानदार परत घेईना. सासूबाई त्यावर एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तेच पडदे अकरा वर्षं खिडकीवर ठेवले, आणि घरात कुणीही आलं, अगदी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असला तरी, पडद्याकडे बोट करून त्या म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंची पसंती."

त्या अकरा वर्षांत बाईंनी मनाशी एक गाठ मारली. दुकान माणसाला नेमकं काय करतं, ते समजल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. समजायला थोडा वेळ लागला. पंचवीसेक वर्षं.

तोवर घरातली खरेदी नवऱ्यावर होती. ते पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे, आता निवृत्त, तरी सगळे त्यांना मीटरवालेच म्हणत. दुकानात शिरून समोर दिसेल ती पहिली वस्तू उचलायची आणि चार मिनिटांत बाहेर पडायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे घरात तीन डाव्या हाताचे रबरी मोजे होते आणि एकही बादली दुसऱ्या बादलीत बसत नव्हती. बाई तक्रार करायच्या नाहीत. स्वतः न घेणाऱ्याने दुसऱ्याच्या घेण्याला नावं ठेवू नयेत, एवढी नीती त्यांच्यापाशी होती.

या रस्त्याच्या मध्यावर चादरी, टॉवेल आणि पडद्यांचं एक जुनं दुकान होतं. वडील गेल्यावर मुलाच्या हातात आलेलं. मुलगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ, सगळे त्याला चादरवाले शेठ म्हणत. वडिलांच्या वेळी दुकान म्हणजे एक पोटमाळा, दोन बाकडी आणि चादरींचे ढीग. शेठला त्याची लाज वाटू लागली. त्याचा मेहुणा दुकानं सजवायचा धंदा करायचा. त्याने आजवर दोन हॉटेलं आणि एक दवाखाना सजवला होता, म्हणजे लोकांना कुठे झोप येते याचा त्याला दांडगा अनुभव होता. मेहुण्याने जुनं सगळं उखडून टाकलं. काळी, गुळगुळीत, आरशासारखी फरशी घातली. भिंतभर काचेची कपाटं केली आणि त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांतल्या चादरी उभ्या करून ठेवल्या. छताला कडक पांढरे दिवे बसवले. दारातच उंच टेबल टाकलं आणि त्यामागे शेठला बसवलं. आणि दुकानाच्या बरोबर मधोमध एक कारंजं बांधलं. दगडी मासा, तोंडातून पाण्याची धार सोडणारा. माशाने पाणी प्यायचं की ओकायचं, असा साधा प्रश्न शेठच्या आईने विचारला होता, पण म्हाताऱ्या माणसांना सजावटीतलं काय कळतं म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही.

तीन महिन्यांत विक्री निम्म्यावर आली. लोक यायचे, दबक्या आवाजात बोलायचे, इकडेतिकडे बघायचे, मग एकाएकी अस्वस्थ होऊन "पुन्हा येतो" म्हणत निघायचे. पुन्हा कुणी यायचं नाही.

अशा एका दुपारी बघूबाई आल्या. सहा चादरी पिशव्यांतून काढायला लावल्या, उलगडायला लावल्या, आणि मग नेहमीचा शब्द उच्चारला. शेठने चादरींची घडी घालता घालता हात थांबवले.

"काकू, एक विचारू?"

"विचारा की."

"वडिलांच्या वेळेपासून तुम्ही येता. सोळा वर्षं झाली. या दुकानातली प्रत्येक चादर तुम्ही उलगडली आहे, काही तर दोन-दोनदा. एकही घेतली नाहीत. मी रागावलेलो नाही. रागवायची ताकद राहिली नाही. फक्त का, ते सांगा."

सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोक लपले होते, पाट्या लावल्या होत्या, पण विचारलं नव्हतं. बाई बसायला जागा शोधू लागल्या. अख्ख्या दुकानात एकच स्टूल होतं, शेठचं. शेठ उठले, बाई बसल्या.

"हे पहिलं," बाई म्हणाल्या. "बसायला जागा नाही. आता तो मासा बंद करा."

"माशाने काय केलं?"

"शेठ, खरं सांगा. दिवसातून किती वेळा आत जाऊन येता?"

शेठ गडबडले. हा प्रश्न आजवर बायकोनेही विचारला नव्हता. पण गेले तीन महिने ते खरोखरच हैराण होते. डॉक्टरकडेही जाऊन आले होते.

"डॉक्टर म्हणाले, साखर नाही."

"साखर नाहीच. मासा आहे. दिवसभर कानाशी धार लागली आहे, दुसरं काय होणार? तुम्हाला निदान आत जाता येतं. गिऱ्हाईक दहा मिनिटं धार ऐकतं, मग त्याला चादर सुचत नाही, दुसरंच सुचतं. चांगल्या घरची बाई चादरीच्या दुकानात असलं काही विचारायची नाही. ती 'पुन्हा येते' म्हणते आणि तरातरा घरी जाते. घरी मोकळी झाल्यावर चादरीसाठी कशाला परत येईल?"

शेठने वाकून मागचं बटण बंद केलं. माशाने शेवटचे चार थेंब टाकले आणि दुकान शांत झालं. शेठने कान देऊन ऐकलं. "खरंच की," ते म्हणाले, आणि तरीही एकदा आत जाऊन आले.

परत आल्यावर त्यांनी वही उघडली. बाईंचं तोंड आता सुटलं होतं. सोळा वर्षांचं साठलेलं होतं.

"ही फरशी. मी आत पाऊल टाकलं की आधी माझ्या झिजलेल्या चपला दिसतात, मग खालून मी दिसते. कुठल्या बाईला स्वतःला खालून बघायचं असतं? ही काच. काचेमागे ठेवतात ते दागिने नाहीतर साप. चादर हाताने घ्यायची वस्तू आहे शेठ, डोळ्यांनी नाही. हे दिवे. यांच्याखाली ही निळी चादर आभाळासारखी दिसते, घरी गेल्यावर फरशी पुसायच्या फडक्यासारखी दिसेल. मला याचा अकरा वर्षांचा अनुभव आहे. आणि तुम्ही."

"मी?"

"दारातच बसता आणि येणाऱ्याकडे टक लावता. उन्हातून आत आलेल्या माणसाला आधी काही दिसतच नाही. दोन श्वास घेईपर्यंत त्याचे डोळे बाहेरच असतात. तेवढ्यात तुमचा चेहरा समोर येतो, उधारी मागायला आल्यासारखा. मागे बसा. कोपऱ्यात. काहीतरी करत असल्यासारखे दिसा."

"काय करू?"

"घड्या घाला. ज्याच्या हातात काम आहे त्याची भीती वाटत नाही. आणि नवऱ्यांची सोय करा."

"नवऱ्यांची?"

"बायको रंगांत शिरली की नवरा मागे उभा राहून 'चल आता' सुरू करतो. अर्धी विक्री त्या 'चल आता'ने बुडते. त्याला खुर्ची द्या. तोंड रस्त्याकडे, पाठ किमतीच्या पाट्यांकडे."

शेठने हे अधोरेखित केलं.

मेहुणा अर्थातच संतापला. आजवर ज्या बाईने चार पैशांची खरेदी केली नाही, तिच्या सांगण्यावरून दुकान बदलायचं म्हणजे उपाशी माणसाला स्वयंपाकाची चव विचारण्यासारखं आहे, असं तो म्हणाला. शेठची आई कोपऱ्यातून म्हणाली, "उपाशी माणसालाच विचारावी. पोट भरलेला काय सांगणार?" मेहुण्याने रागारागाने मासा उखडला आणि स्वतःच्या दिवाणखान्यात नेऊन बसवला. त्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी गेलं नाही.

बाईंनी आठ दिवसांत दुकान फिरवलं. फरशीवर जाड काथ्याचे पट्टे आले. काचा निघाल्या. चादरी प्लॅस्टिकबाहेर, कंबरेच्या उंचीच्या टेबलांवर आल्या. टेबलांमधली वाट रुंद झाली, कारण खाली वाकलेल्या बाईला मागून कुणाचा धक्का लागला की ती सरळ होते ती थेट दाराकडे तोंड करूनच, हे बाईंनी स्वतःच्या अनुभवातून सांगितलं. एका खिडकीसमोरची जागा मोकळी ठेवली, कापड उजेडात धरून बघायला. आणि कारंज्याच्या जागी एक खराखुरा पलंग आला, अंथरूण घातलेला.

शेठने तो पलंग हॉटेलातल्यासारखा चापूनचोपून लावला. बाईंनी येऊन चादरीचा एक कोपरा उपसला आणि दुमडून ठेवला.

"अहो, हे विस्कटलेलं दिसतं," शेठ म्हणाले.

"दिसू दे. नीट घातलेल्या पलंगाला कुणी हात लावत नाही. तुम्ही इथे उभे राहून बघा."

शेठ उभे राहिले. पहिली बाई आली, तिने पलंगाकडे पाहिलं, तिला राहवलं नाही, तिने कोपरा सरळ केला. सरळ करताना चादरीवरून हात फिरला. हात फिरला तो थांबला. "ही कितीला?" तिने विचारलं. संध्याकाळपर्यंत शेठने तो कोपरा एकतीस वेळा विस्कटला.

शेवटची परीक्षा बाईंनी नवऱ्यावर घेतली. त्यांच्याकडे हे एक खात्रीचं माप होतं. "आमचे हे माझ्याबरोबर कुठल्याही दुकानात सात मिनिटं टिकतात," त्या सांगायच्या. "आठव्या मिनिटाला 'चल' म्हणतात. आजवर चुकले नाहीत." मीटरवाल्यांना खुर्चीत बसवलं. समोर रस्ता, रस्त्यात दोन रिक्षावाल्यांचं भांडण. बाई घड्याळ बघत चादरींतून फिरत राहिल्या. सव्वीस मिनिटं झाली. सत्ताविसाव्या मिनिटाला मीटरवाले म्हणाले, "अगं, जरा थांबतेस का? त्या पिवळ्या रिक्षावाल्याचं म्हणणं मला पटतंय."

महिनाभरात चादरीचं दुकान गिऱ्हाइकांनी भरून वाहू लागलं आणि बघूबाईंच्या आयुष्याला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी धंदा चिकटला. जे लपायचे तेच आता चार वाजता दारात उभे राहून हाका मारू लागले. चपलांच्या दुकानात बाईंनी बाक फिरवून त्याची पाठ दाराकडे केली, कारण ज्याचा मोजा फाटलेला आहे तो भर रस्त्याच्या साक्षीने जोडा काढत नाही, आणि बाजारात येणाऱ्या निम्म्या पुरुषांचे मोजे फाटलेलेच असतात. चष्मेवाल्याला त्यांनी विचारलं, "ज्याला मुळात दिसत नाही, तो आपला चष्मा काढून तुमची रिकामी फ्रेम लावणार आणि सहा फुटांवरच्या आरशात बघणार. त्याला काय दिसणार?" चष्मेवाला वीस वर्षं धंद्यात होता. त्याने कपाळाला हात लावला आणि नाकाला टेकेल एवढा जवळ येणारा आरसा बसवून घेतला. कपबशीवाला मात्र डोक्याला टेंगूळ आल्याच्या जुन्या रागाने सहा महिने अडून राहिला, मग तोही आला.

बाई आता सल्ल्याचे पैसे घ्यायच्या. मीटरवाल्यांना याचं फार नवल वाटे. "लोक तुला न घेण्याचे पैसे देतात," ते म्हणायचे. त्यांना खुर्चीत बसण्याचं काही मिळत नसे.

मग एक दिवस शेवटच्या सामानाच्या दुकानदाराने बोलावलं. मेलेल्या माणसाला जे जे लागतं ते सगळं त्याच्याकडे मिळायचं. लाकडी पेट्या, कापड, फुलांची चक्रं, राख ठेवायचे कलश. ज्याची जशी रीत, तसं सामान. मालक उंच, टवटवीत, सतत शीळ घालणारा माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं.

"लोक येतात, सगळ्यात स्वस्त मागतात आणि पळतात. माझ्याकडे इतका सुंदर माल आहे. ती मागची पेटी बघा, पितळेच्या कड्यांची. दोन वर्षांत कुणी हात लावला नाही. तुम्ही चादरीच्या दुकानात जादू केलीत, तशी इथे करा."

"चादरीचा कोपरा दुमडला होता मी," बाई म्हणाल्या. "इथे काय दुमडू?"

तरी त्यांनी काम घेतलं. नवऱ्याला दाराशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि फेरी मारायला सुरुवात केली. अंधार होता, धूळ होती, किमती कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. गल्ल्याजवळ छोट्या वस्तूंची रास होती, मेणबत्त्या, रिबिनी, अत्तराच्या कुप्या, अशा. बाई मनातल्या मनात हालवाहालव करू लागल्या होत्या, तेवढ्यात एक बाई आत आली.

तिशी-पस्तिशीची असेल. केस विंचरलेले नव्हते, स्वेटर उलटा घातलेला. ती गल्ल्याशी आली आणि सरळ आवाजात म्हणाली, "आई गेली सकाळी."

मालकाने शीळ थांबवली. त्याचा आवाज मऊ झाला. वाईट माणूस नव्हता तो, दुकानदार होता. त्याने एक पेटी दाखवली. ती म्हणाली, "बरं." त्याने त्याहून चांगली दाखवली. ती म्हणाली, "बरं, ही." त्याने मऊ अस्तर दाखवलं, ती "बरं" म्हणाली. तो पुढचं काही दाखवत नव्हता तेव्हा तिचा हात आपोआप गल्ल्याजवळच्या राशीत जात होता आणि एकेक वस्तू उचलून पुढे सरकवत होता. अत्तराच्या चार कुप्या. रिबिनीचं अख्खं रीळ. तिची नजर त्या कशावरच नव्हती.

बघूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. सोळा वर्षं त्यांनी जे केलं, त्याला एक गोष्ट लागते हे त्यांना कधी जाणवलंच नव्हतं. 'नाही' म्हणायला अंगात जीव लागतो. या मुलीच्या अंगात तो नव्हता. तिला कुणी दगडी मासा पुढे केला असता तरी ती "बरं" म्हणाली असती.

बाई पुढे झाल्या. मुलीला विचारलं, "घरी कोण आहे, बाळ?"

"भाऊ येतोय. गाडीत आहे."

"बरं. बस इथे." त्यांनी नवऱ्याला डोळ्याने खूण केली. मीटरवाले उठले, मुलगी खुर्चीत बसली. बाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि गल्ल्याकडे वळून एकेक वस्तू उचलून मागे ठेवायला सुरुवात केली. "ही कुपी एक पुरे. रीळ नको. हे अस्तर तिच्या आईला आवडलं असतं का? नाही ना, मग राहू द्या. पितळेच्या कड्या कुणाला धरायच्या आहेत? साधी दाखवा. ती, दाराजवळची."

 मालकाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी बोलावलेल्या माणसाकडून स्वतःची विक्री कमी होताना पाहिली. पण मुलीसमोर काय बोलणार? साधी पेटी ठरली. अर्ध्या तासाने भाऊ आला, तो बहिणीला घेऊन गेला.

दार बंद झाल्यावर मालक म्हणाला, "बाई, हे काय केलंत? मी तुम्हाला विक्री वाढवायला बोलावलं होतं."

"ऐका. साधी पेटी पुढे ठेवा, किंमत तिच्यावर मोठ्या आकड्यात लिहा. म्हणजे विचारायला लागणार नाही. गल्ल्याजवळचं सगळं उचला. महागाचं मागच्या खोलीत ठेवा, ज्याला हवं तो विचारेल. उजेड करा. खुर्च्या दोन ठेवा, एक पुरत नाही."

"आणि मी खायचं काय?"

"तुम्हाला वाटतं तुमचं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. ते नाही येत, मान्य आहे. पण त्याच्या घरातली बाकीची माणसं येतात. एकेक करून सगळी येतात. ती कुठे जातील, ते आज ठरतं."

मालकाला हे इतकं पटलं की त्याने नकळत शीळ घातली. त्याने सांगितलं तसं केलं. आपलं नुकसान झालं असं तो आजही सांगतो, पण पुढच्या वर्षी त्याने शेजारचा गाळाही घेतला.

घरी जाताना बाई नवऱ्याला म्हणाल्या, "पन्नास मिनिटं होतात तिथे. 'चल' म्हणाला नाहीत."

"खुर्ची चांगली होती," मीटरवाले म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "आणि त्या पितळेच्या कड्यांच्या पेटीत आपल्या तिन्ही बादल्या बसतील."

त्या रात्री मात्र बाईंना चादरीच्या दुकानातली टोपली आठवली. ती त्यांनीच ठेवली होती, गल्ल्यापाशी, हातरुमालांची आणि छोट्या टॉवेलांची. पैसे द्यायला उभं राहिलेलं माणूस दमलेलं असतं, विचार संपलेला असतो, हात मोकळा असतो. हे सगळं त्यांनीच शेठला समजावून सांगितलं होतं. त्यांच्या स्वतःच्या जावेने त्या टोपलीतून वर्षभरात चौदा टॉवेल घरी नेले होते. घरात माणसं दोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठला टोपली काढायला सांगितली. शेठ हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीत.

"काकू, रुमाल आहेत ते. पेट्या नाहीत."

"दमलेल्या माणसाकडून घेतलेलं आहे ते."

"अहो, हे दुकान आहे, आश्रम नाही. तुम्हीच ठेवलीत ना?"

"मीच ठेवली. मीच काढा म्हणते."

शब्दाने शब्द वाढला. शेठ म्हणाले, तुमच्यासारखे सगळे असते तर जगातली सगळी दुकानं बंद पडली असती. बाई म्हणाल्या, पडू दे. आणि त्या निघून आल्या. चार महिने त्या दुकानाच्या पायरीला त्यांनी पाय लावला नाही. रस्त्याच्या त्या बाजूने जायच्यासुद्धा नाहीत.

शेवटी शेठची आई घरी आली. म्हातारी जिना चढून आली, बसली, दम घेतला आणि म्हणाली, "टोपली तो काढणार नाही. बापासारखा हट्टी आहे. तू दुसरं काहीतरी माग, म्हणजे दोघांचंही नाक राहील."

बाईंनी विचार केला. मग त्यांनी मागितलं ते असं. दाराशेजारी, गल्ल्यावरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात एक फडताळ हवं. त्यावर पाटी, 'मन बदललं असल्यास इथे ठेवा.' ज्याला उचललेली एखादी वस्तू पैसे देण्याआधी नकोशी झाली त्याने ती तिथे ठेवायची आणि निघून जायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी मान वर करून बघायचं नाही.

शेठने हे ऐकून डोळे मिटले. पण आईचं तोंड बघून सुताराला बोलावलं.

पहिल्या आठवड्यात फडताळ भरून वाहिलं. बाई समाधानाने घरी बसल्या. तिसऱ्या आठवड्यात शेठ स्वतः फळांची करंडी घेऊन त्यांच्या दारात आले. चेहरा असा, की बाईंना वाटलं दुकान बुडालं.

"काकू, विक्री वाढली," शेठ म्हणाले. "दीडपट झाली."

"शक्य नाही."

"येऊन बघा."

बाई गेल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत तेल घालून दोन तास बघत राहिल्या. लोक दारातून शिरताना पाटी वाचायचे आणि त्यांचे खांदे खाली यायचे. मग हाताला येईल ते उचलायचे, कारण परत ठेवायची सोय होती. पूर्वी दोन चादरी उचलणारी बाई आता सहा उचलायची, दोन फडताळावर ठेवायची आणि चार घेऊन घरी जायची. एक गृहस्थ उशी ठेवून दारापर्यंत गेले, परत आले, उशी उचलली आणि गल्ल्याकडे गेले. जाता जाता त्यांनी टोपलीतून रुमालही घेतला.

बाई खुर्चीत बसल्या. मीटरवाले आधीच शेजारी बसले होते, त्यांना हसू आवरत नव्हतं.

"हसू नका," बाई म्हणाल्या.

"नाही हसत."

"मी लोकांची सुटका व्हावी म्हणून केलं होतं."

"झाली की सुटका. मोकळे दिसतायत सगळे. सामान जास्त आहे एवढंच."

दोन दिवस बाई हाच विचार घोळवत होत्या. फडताळ काढायला सांगावं, तर लोकांना खरंच बरं वाटत होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ठेवावं, तर शेठ करंड्या घेऊन येत राहणार. तिसऱ्या दिवशी चपलांच्या दुकानातून निरोप आला, आम्हालाही तसलं फडताळ हवं. मग कपबशीवाल्याचा आला. मग चष्मेवाल्याचा. बाईंनी सगळ्यांना हो म्हटलं, अट एकच, पाटीवरची अक्षरं लांबून वाचता यायला हवीत. आणि सल्ल्याचा दर त्यांनी दुप्पट केला.